घड्याळजीच्या तीन वह्या

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून बसला की समोर कोण उभं आहे याचं त्याला भान राहत नाही. एकदा एक बाई दुकानात आली, नवऱ्याच्या घड्याळाची आठवण सांगून रडली, डोळे पुसून निघूनही गेली. हा मला विचारतो, "दादा, कोणी आलं होतं का?" घड्याळ मात्र त्याच दिवशी चालू करून ठेवलेलं. आम्ही दोघं गावच्या शाळेत एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलो. गणितात मला जेवढ्या छड्या मिळाल्या तेवढे गुण मिळाले असते, तर मी कुठल्या कुठे गेलो असतो. त्याला छडी कधी मिळाली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते गणित कच्चं म्हणून झालं नाही.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, मागच्या खोलीत त्याचं बिऱ्हाड. वर कोणी जोरात पावलं टाकली की भिंतीवरची सगळी लंबकाची घड्याळं एकदम दचकायची. लोकांच्या हातात मोबाईल आले आणि त्याचा धंदा बसला. दिवसाला दोन सेल आणि एखादा पट्टा, एवढंच उरलं. तेव्हा त्याने चलनांचा व्यापार शिकायला घेतला. एका देशाचा पैसा घ्यायचा, दुसऱ्याचा विकायचा, आणि भाव आपल्या बाजूने हलला की उलट करून फरक खिशात घालायचा.

मी म्हणालो, "म्हणजे जुगारच की."

"जुगाऱ्याला आपण किती हरणार ते माहीत नसतं, दादा. मी ते आधी ठरवतो."

आणि खरंच ठरवायचा. त्याच्या तीन पद्धती होत्या आणि तीन वह्या. पहिल्या वहीत, भाव ज्या दिशेला वाहतोय त्या दिशेला जायचं. दुसरीत, भाव दोन भिंतींमध्ये येरझारा घालत असेल तर त्याला भिंतीशी गाठायचं. तिसरीत, बरेच दिवस गप्प बसलेला भाव कोंडी फोडून निघाला की त्याच्या मागे लागायचं. वर्षभर त्याने पैसा न लावता नुसते कागदावर सौदे केले. एका सौद्यात शंभरातला एकच घालवायचा, आणि महिन्यात शंभरातले सहा गेले की महिनाभर दुकान बंद. घड्याळांचं नव्हे, या व्यापाराचं.

सगळ्यात शहाणपणाचा नियम त्याच्या बायकोचा होता. तिला आम्ही घरात धाकटी म्हणतो. तोटा कुठे तोडायचा तो आकडा, म्हणजे स्टॉप, सौदा उघडण्याआधी तिने टाकायचा. "यांनी टाकला तर हे हळूच मागे सरकवतील," ती म्हणायची, आणि त्यालाही ते पटलेलं. धाकटी दुपारी तीनला कामावरून यायची. तोवर हा हात बांधून बसायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय शेठ, कोणाची वाट बघताय?" हा म्हणायचा, "परवानगीची."

धाकटी रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरी इस्त्रीच्या रुळांत घालायची. बावीस वर्षं उभ्याने. पायांवरच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. दोघांचं ठरलं होतं, की या व्यापाराची शिल्लक एका आकड्याला पोचली आणि त्यातून तिच्या पगाराएवढं महिन्याला सुटायला लागलं, की तिने काम सोडायचं. अडीच वर्षांत तो आकडा आला. तिने महिन्याभराची नोटीस दिली. बरोबरीच्या बायकांनी वर्गणी काढून तिच्यासाठी हातांची, पाठीला उशी असलेली खुर्ची घेतली. "आता बस," म्हणाल्या. शेवटच्या दिवशी घरी न्यायची म्हणून ती लाँड्रीतच ठेवलेली.

आता त्याची एक सवय सांगतो, सगळं तिथेच अडलं. घड्याळजी एका तबकात एकच घड्याळ उघडतो. दोन उघडली की स्क्रू बदलतात, आणि बदललेला स्क्रू सापडेपर्यंत आयुष्य संपतं. तीस वर्षं त्याने हे पाळलं होतं. म्हणून त्याने तीन पद्धतींची तीन वेगळी खाती केली. एक वही उघडी असताना दुसरी ड्रॉवरमध्ये. तिन्ही शेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत.

नोटिशीच्या पंधराव्या दिवशी मी दुकानात स्टुलावर बसून त्याला आमच्या मास्तरांची म्हैस परीक्षेच्या दिवशी वर्गात शिरल्याची गोष्ट सांगत होतो. धाकटी आली, चपला काढल्या आणि स्टॉप टाकायला बसली. तीन सौद्यांचे तीन आकडे टाकले आणि थांबली.

"अहो, तिन्हीकडे त्याच देशाचा पैसा आहे की."

"असू दे. पद्धती तीन आहेत."

"पद्धती तीन, पण तिन्हीत तुम्ही तो पैसा पडणार असंच धरलंय. आमच्याकडे रुळांची तीन यंत्रं आहेत, पण वाफ एकाच नळीतून येते. नळी गेली की तिन्ही गार."

तो देश लहान आणि श्रीमंत. तिथल्या मोठ्या बँकेने जाहीर केलं होतं, की आमच्या पैशाचा भाव अमुक पातळीच्या वर आम्ही जाऊ देणार नाही. म्हणजे भावावर पक्की भिंत. भिंत पक्की म्हणून याचे स्टॉप भिंतीच्या अगदी पलीकडे, जवळच होते. आणि स्टॉप जवळ असला की शंभरातल्या एकाच्या हिशोबात सौदा फार मोठा बसतो. दलालाच्या उसन्या पैशावर, एकात खात्यातल्या रकमेच्या दहापट, एकात पंधरापट.

"बँकेने शब्द दिलाय," तो म्हणाला. "आणि प्रत्येकाला स्टॉप आहे. तूच टाकलास ना?"

"टाकला. पण भाव पायरी पायरीने आला तर स्टॉप लागणार. उडी मारून आला तर?"

त्याने भिंग काढलं. "तू आता पंधरा दिवस चादरी मोज. ते तुला चांगलं जमतं."

आणि मी हसलो. म्हशीच्या गोष्टीला हसायची लय लागलेली होती, त्याच लयीत हसलो. धाकटीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा ठेवायला गेली.

चार दिवसांनी सकाळी साडेदहाला त्या बँकेने आपला शब्द मागे घेतला. एका वाक्यात. भाऊ एका म्हाताऱ्याच्या घड्याळाला काटे बसवत होता. मोबाईल वाजला, मग परत वाजला, मग परत. त्याने हातातलं काम पुरं केलं, मगच बघितलं. तो पैसा पडायचा सोडून उसळला होता. भाव स्टॉपवरून उडी मारून गेला होता. स्टॉपच्या आकड्याला तो पैसा विकणारं समोर कोणी नव्हतंच, मिळाला तो भाव कितीतरी पुढचा. दोन खाती रिकामी झाली. तिसऱ्यात चौथाई उरली. नियम एकही मोडला नव्हता, हे त्याने मला त्या दिवशी सहा वेळा सांगितलं.

धाकटी तीनला आली. त्याने सांगितलं. तिने विचारलं, "सगळे?" तो म्हणाला, "जवळजवळ." ती पुन्हा चपला घालून निघाली. मी तिच्याबरोबर गेलो.

लाँड्रीची सुपरवायझर बाई वाईट नव्हती. म्हणाली, "नोटीस मागे घ्यायला हरकत नव्हती गं, पण तुझ्या जागेवर परवाच माणूस घेतलं. मळक्या कपड्यांच्या बाजूला एक जागा आहे. नव्या माणसाच्या पगारावर."

"कधीपासून?"

"उद्यापासून ये. आणि ती खुर्ची?"

"राहू दे इथेच," धाकटी म्हणाली.

खुर्ची सुपरवायझर बाईच्या खोलीत गेली. मळक्या बाजूला बसायला काही ठेवत नाहीत. तिथे रुग्णांच्या चादरी उलगडून, आत सुया वगैरे राहिल्या नाहीत ना ते बघून धुवायला टाकायच्या असतात. ते तिने सहा वर्षं केलं.

माझ्या भावाने मात्र त्या दिवसापासून काम सुधारलं. आता त्याची वही एकच. एकाच चलनावर दोन सौदे असले तर तो ते एक धरतो. सगळे सौदे मिळून शंभरातले दोन, याच्या वर जात नाही. भाव उडी मारून आला तर काय, हा हिशोब आधी. कोणाच्या शब्दावर उभ्या असलेल्या भिंतीजवळ तो फिरकत नाही. तिसऱ्या खात्यात उरलेल्या चौथाईतून हळूहळू बरंच परत आणलं. गल्लीतली चार माणसं त्याच्याकडे शिकायला येतात, आणि तो त्यांना समजावतो, "पद्धती कितीही असू देत, वाफेची नळी एकच आहे का ते बघा." कोणाची नळी, ते सांगत नाही. धाकटी तेव्हा आत असते. आता स्टॉप तो स्वतःच टाकतो. तिला एक-दोनदा बोलावलं, ती म्हणाली, "हात ओले आहेत."

मागच्या वर्षी ती वय झालं म्हणून सुटली. मी रोज जातो. भाऊ भिंग लावून बसलेला असतो, मी स्टुलावर आणि ती पाय वर घेऊन खाटेवर. त्याची वही तिच्या समोरच उघडी असते. मी मुद्दाम विचारतो, "बघ की गं जरा, काही खटकतंय का?"

"मला काय कळतंय त्यातलं, भावजी. तुम्ही एखादी गोष्ट सांगा."

मग मी सांगतो. मला तेवढंच येतं. भाऊ हसतो, मी हसतो, आणि ती पाय चोळत ऐकते.