शेवटच्या दोन गोळ्या

ताईंचा अंगठा दुखतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुणाला कळू नये याची ताईंनी चोख व्यवस्था ठेवली होती. रोकड नेणाऱ्या गाडीवर कमरेला पिस्तूल लावून उभी राहणारी बाई म्हणजे काय चेष्टा आहे? गाडी बँकेपुढे थांबली की आधी ताई उतरायच्या आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे असं बघायच्या, की समोरच्या फळवाल्यालाही उगाच आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्यांनी मान हलवली की मग लंबू पेटी घेऊन खाली यायचा. लंबू म्हणजे त्यांचा जोडीदार. ताईंपेक्षा बराच लहान, प्रत्येक दारातून वाकून शिरणारा, आणि एकदा बोलायला लागला की गाडीचं इंजिन बरं म्हणायची पाळी आणणारा. ऑफिसातले लोक म्हणायचे, नवरा-बायकोचंसुद्धा एवढं पटत नाही.

आता पिस्तुलाचं मॅगझिन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मुठीत मावेल अशी लोखंडी डबी, आणि तिच्या पोटात एक खाष्ट स्प्रिंग. गोळी वरून ठेवायची, अंगठ्यानं दाबायची, आत सरकवायची. सुरुवातीच्या गोळ्या लोण्यात बोट जावं तशा जातात. पण दबत जाईल तशी स्प्रिंग चिडत जाते, आणि शेवटच्या दोन गोळ्यांना तर अक्षरशः जीव काढते. ताईंच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. ताई म्हणाल्या, "अंगठ्याला रजा देऊन काय कोपरानं जेवू?" आणि विषय संपवून बाहेर पडल्या.

शिवाय या लोकांत एक रीत होती. आपलं मॅगझिन आपणच भरायचं. सख्ख्या भावानं भरून दिलं तरी घ्यायचं नाही; जीव आपला, तर भरलेली गोळीही आपल्याच हातची हवी. मॅगझिन भरायचं यंत्र मिळतं आणि ते वापरायला कुणाची बंदी नव्हती. पण वापरणाऱ्याची टर उडवायची, हीही रीतच होती, आणि टर उडवण्यात ताई सगळ्यांच्या पुढे. "बाळ, खेळणं घरी विसरला नाहीस ना?" हे वाक्य त्यांचंच. ते बूमरँग होऊन स्वतःवर आल्यावर सांगायचं कुणाला? सांगता येईना, सहन होईना. मग बाईंनी काय करावं? शेवटच्या दोन गोळ्या भरायच्याच सोडून दिल्या! वरून मॅगझिन मॅगझिनसारखंच दिसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली रेंजवर, सरावाच्या दिवशी.

सगळे आपापल्या लेनमध्ये उभे होते, कानांवर आवाज रोखणारे मफ, समोर कागदी टार्गेट. मास्तरांनी, म्हणजे रेंजच्या प्रशिक्षकांनी, हुकूम दिला: मॅगझिन रिकामं होईपर्यंत थांबायचं नाही. गोळ्या सुटायला लागल्या. आणि सगळ्यांच्या आधी ताईंचं पिस्तूल गप्प झालं. गोळ्या संपल्या की वरची स्लाईड मागे जाऊन अडकून राहते, तशी ती आ वासून राहिली. शेजारच्या लेनमधला लंबू अजून झाडतच होता. त्यानं तिरक्या नजरेनं एकदा पाहिलं.

गाडीकडे जाताना तो म्हणाला, "ताई, तुझं आधीच कसं संपलं?"

"मोजायला चुकले."

"तू? तू तर माझ्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा मोजतेस."

लंबू चालता चालता थांबला. वाघ मागे लागला तरी हा माणूस बोलायचा थांबला नसता, पण आता त्याच्या तोंडून शब्द फुटायला वेळ लागला.

"गाडीवरपण कमीच भरतेस?"

मान खाली घालून ताई नकळत दुखरा अंगठा चोळू लागल्या. तेच उत्तर.

"अगं, तुझ्या भरवशावर मी रस्त्याकडे पाठ करून पेटी उचलतो! घरी माझी पोरगी अजून धड चालायलाही लागली नाही." त्याचा आवाज चिरकला. "दोन गोळ्यांचं मला काही नाही. दुखतंय एवढं मला सांगावंसं वाटलं नाही, त्याचं वाईट वाटतं."

त्यानं चहाडी केली नाही, तेवढा तो सभ्य. फक्त साहेबांना सांगितलं की वार्षिक परीक्षेपर्यंत मला दुसऱ्या गाडीवर टाका. जोडीदार नाही म्हणून ताईंना गेटवर खुर्ची मिळाली. परीक्षा महिन्याभरावर होती. तिथे मास्तरांच्या डोळ्यांदेखत मॅगझिन काठोकाठ भरावं लागतं. जमलं तर पुन्हा गाडी, नाही तर ही खुर्ची कायमची. आणि जमलं तरी लंबू परत येईल का, हे कोण सांगणार?

घरी त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. नवरा शिंपी. घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं मशीन. तो कोटाच्या कॉलरला हातशिलाई घालत बसला होता. ताईंनी सगळं सांगितलं, निम्मं रडत, निम्मं लंबूला शिव्या देत.

"यंत्र घे ना मग," तो म्हणाला.

"लोक हसतील."

"हसतील तर. तू काय कमी हसलीयस लोकांना?" त्यानं मधलं बोट वर केलं; त्यावर टोपी चढवलेली होती, शिंप्याचं अंगुस्तान. "सुई जाड कापडातून ढकलताना बोटाला भोक पडतं म्हणून मी बोटावर लोखंड चढवतो. आजवर कुणी विचारलंय मला, काय हो, बोट नाजूक आहे का?"

"अहो, शिवणं वेगळं."

"हो, वेगळं. माझ्या कॉलरच्या भरवशावर कुणी पाठ करून उभं राहत नाही."

ताई उठल्या आणि आमटीला फोडणी घातली, ती करपवली.

दुसऱ्या दिवशी त्या रेंजवर गेल्या. मास्तरांच्या ऑफिसात एक काचेचं कपाट होतं, त्यात विकायला ठेवलेल्या वस्तू: कानांचे मफ, साफसफाईचे ब्रश, आणि मॅगझिन भरायची यंत्रं. मास्तरांनी कशाला हवंय वगैरे काही विचारलं नाही. नुसती तीन प्रकारची यंत्रं टेबलावर मांडली. एक छोटी प्लॅस्टिकची टोपी, मॅगझिनच्या तोंडावर चढवायची. दुसरं पंजाएवढं, पक्कडीसारखं दाबायचं. तिसरं तर टेबलावर ठेवायचं धूडच, एका दांड्यात सगळ्या गोळ्या एकदम आत ढकलणारं.

ताईंनी एका क्षणात टोपी उचलली. ती मुठीत मावत होती. खिशात टाकली तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

घरी त्या जेवणाच्या टेबलावर सरावाच्या खोट्या गोळ्या घेऊन बसल्या. टोपीनं अंगठ्याला टोचणं थांबलं हे खरं, पण दाबायचं होतं ते अंगठ्यानंच! सुरुवातीच्या गोळ्या छान गेल्या. शेवटच्या दोन गोळ्यांना सांध्यातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. रोज संध्याकाळी बसायच्या, रोज तेच. अंगठा सुजून लिंबाएवढा झाला, तेव्हा नवऱ्यानं गोळ्या उचलून कपाटात ठेवून दिल्या आणि किल्ली शर्टाच्या खिशात घातली. त्यावरून भांडण झालं ते निराळंच.

शेवटी टोपी घेऊन त्या पुन्हा मास्तरांपुढे उभ्या राहिल्या. "बेकार आहे हे. बदलून द्या."

मास्तर टोपी हातात घेऊन म्हणाले, "हे चांगलंच आहे, ताई. ज्याच्या फक्त बोटाचं टोक दुखतं त्याच्यासाठी. तुम्ही हे भरायला घेतलं होतं, की लपवायला?"

ताईंना इतका राग आला, की परत जावंसं वाटलं. पण मास्तर काही खोटं बोलले नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला म्हणाल्या, "मास्तर, माझा अंगठा गेलाय."

"मग अंगठ्याला सोडा की! हाताला अजून चार बोटं आहेत, तळवा आहे."

मोठं धूड आधी वापरून पाहिलं. दांडा ओढला आणि खटकन सगळ्या गोळ्या आत. ताई पोरीसारख्या हसल्या. पण ते गाडीवर न्यायचं कुठे? मांडीवर घेऊन बसायचं? नाकापेक्षा मोती जड. उरलं ते पक्कडीसारखं. ते मॅगझिनवर बसवायचं आणि अख्ख्या मुठीनं आवळायचं. आतली चोच गोळ्यांना खाली दाबून धरते, तेवढ्यात दुसऱ्या हातानं नवी गोळी सरकवायची, आणि मूठ सोडायची. पहिल्याच वेळी ताईंनी घाईत गोळी उलटी घातली, टोक मागे आणि बूड पुढे. मास्तरांनी डोक्याला हात लावला. पुढच्या खेपेला गेली. मग पुढची. आवळ, घाल, सोड. शेवटच्या दोन गोळ्या आल्या, आणि सवयीनं ताईंनी दात आवळले, श्वास धरला.

काहीच दुखलं नाही. गोळ्या आत गेल्या होत्या. भरलेलं मॅगझिन हातात घेऊन ताई बसून राहिल्या, आणि डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी पिशवीतून ते यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. लाल भडक रंगाचं, लपायचं नाव नको. लेनच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालंच, "ताई, खेळणं आणलंस वाटतं?"

"आणलंय. आणि तुझ्याआधी भरून मोकळी होणार आहे, बघत राहा."

झालीही. त्याच्या अजून अर्ध्या गोळ्या बाहेर होत्या आणि अंगठा लालेलाल. मास्तरांनी मॅगझिन तपासलं आणि मान हलवली. मग ताईंनी गोळ्या झाडल्या. मध्ये कुठेही पिस्तूल गप्प झालं नाही. टार्गेट जवळ आणलं तेव्हा मधल्या वर्तुळाची चाळण झाली होती. मास्तरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "सोमवारपासून गाडी."

लंबू सगळा वेळ मागच्या बाकावर बसून होता. एक शब्द बोलला नाही. जातानाही नाही.

सोमवारी सकाळी ताई गाडीपाशी आल्या, तेव्हा साहेबांनी कुणाला पाठवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाडीचा दरवाजा उघडा होता. आत सीटवर लंबू बसला होता, गुडघे डॅशबोर्डला टेकवून, नेहमीसारखा.

ताई खाली रस्त्यावरच उभ्या राहिल्या. त्यांनी पट्ट्यातून मॅगझिन काढलं. मॅगझिनच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांतून आतल्या गोळ्या दिसतात; वरपासून खालपर्यंत प्रत्येक भोकात पितळ चमकत होतं. ती बाजू वर करून त्यांनी ते लंबूपुढे धरलं.

"बघून घे," त्या म्हणाल्या. "तुझा हक्क आहे."

लंबूनं मॅगझिनकडे पाहिलंच नाही. त्यानं पाहिलं त्यांच्या अंगठ्याकडे.

"फार दुखतो का गं?"

"थंडीत फार," ताई म्हणाल्या.

"बरं," म्हणून तो सरकला आणि त्यांना जागा करून दिली. "बस आता. पोरगी चालायला लागली, ते सांगायचंय तुला."