बरणीला कल्हई

एकोणीसशे एकोणसाठ सालच्या दिवाळीआधीच्या मंगळवारी, भोरच्या भर बाजारात, माझ्या आत्याला भेसळ करणारी ठरवलं गेलं. वेल्ह्याच्या डोंगरात तिच्याइतकं नाकावर जगणारं माणूस जन्मलं नसेल. आणि बट्टा लागला तो नेमका तिच्या तुपाच्या वासाला!

आत्या आधी हुंगायची, मग बोलायची. पाव्हण्याचं घोंगडं हुंगून तो रात्री कुठल्या वाडीवर होता ते सांगायची. चुलतबहिणीचं स्थळ बघायला गेलो, तर हिनं पितळी गडव्यातलं ताक नाकाशी नेलं आणि उठलीच. कल्हई गेली की ताक कळकतं, हिरवट चव धरतं, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. "ज्यांना कल्हई गेल्याली कळंना, त्यांना सुनेचं मन काय कळणार?" सोयरीक तिथंच मोडली! गडी तिला 'नाकाडी आत्या' म्हणत. "व्हय, आन् तू परवाधरनं आंगूळ केली न्हाईस," म्हणून ती त्यांना पळवून लावी.

दसऱ्याला एका दुकानदारानं गुलाबी प्लास्टिकची बरणी तिच्या गळ्यात मारली. "आत्याबाई, मुंबईची चीज! गाडगं फुटतं, ही आपटली तरी फुटायची न्हाई." आत्यानं निम्मं तूप बरणीत भरलं, निम्मं नेहमीच्या गाडग्यात ठेवलं. बरणीचं घट्ट झाकण मधे उघडलंच नाही, तशीच ती बाजाराला घेऊन आली. त्याच दुकानदारानं झाकण काढलं, बोट घातलं नि चारचौघांत ओरडला, "म्हातारे, काय मिसळलंस ह्यात?"

गिऱ्हाइकं मागं सरली. आत्यानं स्वतः हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला. तुपाला उन्हात तापलेल्या रबराचा वास येत होता.

"कळकलंय," ती हळू म्हणाली.

"प्लास्टिकात कुठं कळकतं व्हय? पितळंत कळकतं!" बाजार खो खो हसला.

आत्या बरणी घेऊन तडक कल्हईवाल्याकडं. "हिला आतनं कल्हई कर."

"आत्याबाई, भट्टीवर धरली तर पाणी होईल की तिचं!"

"मग जिला कल्हई लागत न्हाई, तीत खायचं भरा म्हणून कुणी सांगितलं?"

कल्हईवाला हसता हसता थांबला. बाजार मात्र थांबला नाही.

पुढच्या मंगळवारी मी गाडग्यातलं तूप त्या दुकानाच्या फळीवर आदळलं. त्याच लोण्याचं, त्याच दिवशी कढवलेलं, रवाळ, घमघमतं. "हुंगा!" म्हणालो. त्यानं तोंड फिरवलं. "सण झाला. तुझ्या आत्याचं तूप आता कोण घेतंय?" त्याच्या पाठीमागं गुलाबी बरण्यांची रांग विकायला तशीच मांडलेली. भेसळ बरणीनं केली, आणि नाव गेलं माणसाचं!

आत्या आता बाजाराला उतरत नाही. पाव्हण्यांची घोंगडी हुंगत नाही. ती रिकामी बरणी कोनाड्यात उघडी असते. सकाळी उठून त्यात नाक घालते, "अजून हाय," म्हणते आणि माझ्याकडं बघते. मग मीही हुंगून "व्हय, हाय," म्हणतो. तेवढ्यावर तिचा दिवस जातो.

वाचकहो, तुमच्या फळीवर तसली बरणी असेल तर आत्ता उठा. झाकण काढा, हुंगा. आणि येत्या मंगळवारी, माझी आत्या मान खाली घालून उभी होती त्याच जागी उभं राहून मोठ्यानं सांगा: म्हातारीचं तूप चोख होतं.