जावयाच्या मानाचा कागद

ती फिर्याद मी आजही जशीच्या तशी सांगू शकते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी देवळीच्या ठाण्यात नवी उपनिरीक्षक होते. वऱ्हाडी समजायची, पण बोलायला जीभ वळायची नाही. म्हणून ऐकायचे जास्त.

फिर्यादी चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी स्वतः एक पटाचा खेळ तयार केला होता. फासे टाकत कपाशीच्या पेरणीपासून सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत जायचं. बोंडअळीच्या घरात पडलात की मागे. बाजारात खेळ चालू लागला होता, आणि पट छापायचा जस्ताचा ब्लॉकच घरातून गेला.

"ब्लॉक गेला म्हंजे खेळच गेला, मॅडम. असा दुसरा माह्या हातून होनार नाई."

पंचनाम्यात कुलूप शाबूत होतं. म्हणजे माणूस घरातला.

तिसऱ्या दिवशी हवालदार सायकल टाकून आत धावले. "मॅडम, तळेगावच्या बाजारात एक जन हाच खेळ इकून राह्यला! नाव बदलवलं, पन पट तोच!"

माझा पहिला स्वतंत्र तपास. हवालदार चढायच्या आत मी जीपमध्ये बसले होते.

विकणारा निघाला शिक्षकांच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावईच. ब्लॉक त्याच्या पिशवीतच होता. ठाण्यात आणलं तरी गडी घाबरला नाही. त्याने घडी केलेला स्टॅम्पपेपर टेबलावर ठेवला.

"चोरी कायची? मी भागीदार आहो. पाहा न, माह्यं नाव पयले."

शिक्षकांना बोलावलं. त्यांनी मान खाली घातली. "धंदा एकट्याच्या नावानं करावा का भागीदारीत, मले समजत नव्हतं. अर्जनवीस म्हने, दोन नावं शोभून दिसतात. मंग जवाईबापूचं टाकलं, मान म्हनून. कामाले तर ते एक दिवस आले नाईत!"

"आन् आता नव्या खोक्यावर निस्तं तुमचंच नाव छापून राह्यले होते! काऊन?" जावई उसळला. "सासरवाडीत माह्यी इज्जत कोनती राह्यली?"

हवालदार कानाशी आले. "केस गेली मॅडम. भागीदारानं फर्मचा माल नेला, त्याले चोरी कोन म्हनन?"

मी करारनामा पुन्हा वाचला. फर्मच्या मालाची यादी होती: खोकी, फासे, छापलेले पट. ब्लॉक नव्हता! ब्लॉक उलटा केला. जस्ताचा पत्रा ज्या लाकडावर ठोकला होता, त्याच्या मागे छापखान्याचा नंबर कोरलेला. तडक वर्धा गाठलं. छापखान्याच्या कामाच्या वहीत तोच नंबर सापडला, कराराच्या चार महिने आधीचा, एकट्या शिक्षकांच्या नावावर. मी वहीवर हात आपटला तेव्हा छपाईचे खिळे जुळवणारे सगळे कामगार माझ्याकडे बघू लागले.

सरकारी वकिलांनी कागद पाहून मान डोलावली: ब्लॉक फर्मचा नव्हताच. जावयाने तासाभरात कबुली दिली. पुढे शिक्षकांच्या विनंतीवरून कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली, ब्लॉक त्यांना परत मिळाला आणि भागीदारी मोडली.

कुलूप तोडून होणारी चोरी सोपी असते. घरच्या माणसाचा मान राखायची ओढ माणसाला कुठे सही करायला लावेल, हे मला या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर नात्यातली फिर्याद आली की मी आधी विचारायचे, कुठल्या कागदावर सही केलीत?

ब्लॉक ताब्यात घेताना शिक्षकांनी तो सदऱ्याने पुसला. हवालदारांनी चिडवलं, "मंग गुरुजी, आता जवाईबापूचा मान?"

"पाटावर पयले त्याहिलेच बसवीन जी," ते म्हणाले. "कागदावर मी एकटा."