प्रशिक्षणाला आले होते

"टीचर, तुम्ही जरा भाताच्या पातेल्यापाशी उभ्या राहा. वाढायला माणूस कमी पडतोय."

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर असं म्हणाल्या तेव्हा माझ्या गळ्यात नावाचं कार्ड होतं. सगळ्यांच्या गळ्यात होतं तसंच. माझं नाव, शाळेचं नाव, खाली 'प्रशिक्षणार्थी'.

वाघोलीतल्या एका हॉलमध्ये कॅथलिक शाळांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पुढे पर्यवेक्षक, मुख्याध्यापक होऊ शकतील अशांना तयार करायचं म्हणून. आमच्या शाळेतून आम्ही दोघी. मी आणि लोर्ना मिस. मी हडपसरहून बस बदलत आले होते. लोर्ना मिस सिस्टरांच्या गाडीतून.

मी उभी राहिले. भातवाढी हातात घेतली. शिक्षक रांगेने येत होते, ताट पुढे करत होते. सकाळच्या सत्रात माझ्या शेजारी बसलेले एक सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडा कमी." वाकलं की कार्ड भातात लोंबायचं. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. स्वतःच्या हाताने.

दुपारचं सत्र सुरू झालं तेव्हा मी जेवत होते. उरलंसुरलं. आत विषय चालला होता, 'नेतृत्व म्हणजे सेवा'.

मी इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. अशा शाळेत मराठीच्या टीचरला काय किंमत असते, ते पुण्यात कुणाला सांगायला नको. एम.ए. केलं, बी.एड. केलं, नोकरी करता करता शाळा व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला. प्रमाणपत्र दाखवायला गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "छान. आता ॲन्युअल डेच्या रांगोळीचं बघा." त्या इतर टीचरांशी इंग्रजीत बोलतात. झाडूवाल्या मावशींशी आणि माझ्याशी मराठीत.

आम्ही नगरकडचे. पूर्वाश्रमीचे महार. आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालो. दुष्काळात मिशनने दुधाची पावडर वाटली होती, म्हणून आम्हाला 'पावडरवाले' म्हणतात. तोंडावर नाही. पाठ वळली की. वेदीपुढे सगळे शेजारी शेजारी गुडघे टेकतात. उठून बाहेर आलं की विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?"

माझे वडील मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. पाहुणे जेवत असताना ते भिंतीला पाठ लावून उभे असायचे. कुणाचं ताट रिकामं झालं की पुढे व्हायचे. मला बोर्डिंगात सोडताना म्हणाले होते, "शिक बाये. तुला टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय."

वाघोलीहून परत येताना बसमध्ये हे आठवलं. रडू आलं नाही. लाज वाटली. वाढलं याची नाही. कार्ड काढलं याची.

शाळा सुरू झाली आणि प्राथमिकच्या पर्यवेक्षकाची जागा निघाली. मी अर्ज दिला. मुलाखत झालीच नाही. एका सकाळी प्रार्थनेनंतर सिस्टरांनी माइकवरून सांगून टाकलं, लोर्ना मिस नव्या पर्यवेक्षक. लोर्ना मिस माझ्यानंतर किती तरी वर्षांनी लागलेल्या. बाई वाईट नाही. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत सिस्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. वाटलं, कारण सांगतील.

"सोमवारी लोर्ना मिसचं स्वागत आहे. मॅनेजमेंटचे फादर येणार. तुम्ही नऊवारी नेसून गेटवर औक्षणाला उभ्या राहा. तुम्हाला छान जमतं."

दरवर्षी उभी राहत होते. पाहुणे यायचे, मी ओवाळायचे, फोटो निघायचे. मला तो मान वाटायचा. खरंच वाटायचा.

"नाही सिस्टर."

"का? तब्येत बरी नाही?"

"तब्येत चांगली आहे. मी उभी राहणार नाही."

मग मी इंग्रजीत विचारलं. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून. माझी मुलाखत का घेतली नाही?

सिस्टरांनी उत्तर मराठीतच दिलं. "टीचर, पर्यवेक्षकाला पालकांशी बोलावं लागतं. कॉन्फिडन्स लागतो. बॅकग्राउंड लागतं."

"कसलं बॅकग्राउंड?"

त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "मिशनने तुमच्या वडिलांना उभं केलं. तुम्हाला शिकवलं. थोडी कृतज्ञता असावी माणसाला."

इतकी वर्षं या एका शब्दाने माझं तोंड बंद केलं होतं. बोर्डिंगात, चर्चमध्ये, नोकरीत. त्या दिवशी ते बंद झालं नाही.

"वडिलांनी आयुष्यभर मिशनचा स्वयंपाक केला, सिस्टर. त्याचा त्यांना पगार मिळाला. तो उपकार नव्हता. आणि परीक्षा मी दिल्या. मिशनने नाही."

"तुम्ही आता जा."

गेले.

सोमवारी गेटवर दुसरीच कुणी तरी उभी होती. मी सभागृहात जाऊन शिक्षकांच्या पहिल्या रांगेत बसले. कुणी उठवलं नाही. शेजारीही कुणी बसलं नाही.

त्यानंतर माझं वर्गशिक्षकपद काढून घेतलं. रिकाम्या तासांना दुसऱ्यांचे वर्ग लावले. ज्या दोघींबरोबर रोज डबा खायचे, त्यांना आता नेमकं त्याच वेळी काम निघतं. मुलगी याच शाळेत नववीत आहे. नवरा म्हणाला, "तिची दहावी होऊ दे. जरा दमाने घे." लेक ताटावरून म्हणाली, "बाबा, आईने अजून किती दमाने घ्यायचं?"

मी राजीनामा देणार नाही. त्यांना तेच हवंय. वर्षाअखेरीला उपमुख्याध्यापकाची जागा निघतेय. अर्ज करणार आहे. मुलाखत मागणार आहे. दिली नाही तर मॅनेजमेंटपुढे जाईन, तिथून हाकललं तर शिक्षण खात्यात. मला ती जागा देतील, अशा भ्रमात मी नाही.

पण नाकारताना त्यांना कारण द्यावं लागेल. ते पुन्हा 'बॅकग्राउंड' म्हणतील. मी तिथून उठणार नाही. त्याला मराठीत काय म्हणतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय.