दोघींचा होकार

आटपाडीकडची कोरडवाहू जमीन भावकीत वाटून झाल्यावर हातात फारसं काही उरलं नाही, म्हणून अप्पा आम्हाला घेऊन कुपवाडला आले. कारखान्याच्या भिंतीला लागून पत्र्याची खोली. पलीकडं दिवसभर प्रेस मशीन चालायचं आणि दर ठोक्याला आमच्या फळीवरचे पेले हलायचे. अप्पा तिथंच कामाला. आई सांगलीला हळद निवडायला जायची, पिवळे हात घेऊन परतायची. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी मी अभ्यास उरकायचे, एरवी कानात कापूस. आमच्यात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. हे मी कुणी न विचारताही सांगते.

आता साताऱ्यात एका छोट्या कंपनीत आहे. आमचा उपग्रह वर फिरत जमिनीचे फोटो काढतो. तोंड कुठं ठेवायचं, किती वळायचं, हे त्याचा ऑटोपायलट स्वतः ठरवतो. तो भलतंच वागायला लागला तर वेळीच ओळखायचं, हे आमचं काम.

शेजारच्या खुर्चीवर वाईची एक मुलगी बसायची. वडील प्राध्यापक, आई डॉक्टर. मी तिच्यावर जळायचे. तिच्या इंग्रजीवर जळायचेच, पण त्याहून जास्त जळायचे ते "मला नाही बाई कळलं" असं ती सरांना हसत सांगायची त्यावर. ती चैन मला परवडणारी नव्हती. त्यात पाळीप्रमुखाची, म्हणजे शिफ्ट सांभाळणाऱ्याची, जागा एकच रिकामी आणि नावं दोन, तिचं अन् माझं.

फोनवर अप्पा आधी तिचीच चौकशी करायचे. "ती वाईवाली हाय का अजून?"

"हाय की."

"मग तू बी नीट जेव, अन् टिकून ऱ्हा."

एका दुपारी मला खटकलं. उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून बाहेर आला की ऑटोपायलट त्याला जरा वळवायचा आणि लगेच परत फिरवायचा. दर फेरीला तेच. आकडे सगळे मर्यादेत, पडदा हिरवागार. पण सरळ उभ्या असलेल्याला सावरायचं कशाला? ताऱ्यांवरून दिशा सांगणाऱ्या कॅमेऱ्यावर माझा संशय गेला. तो बंद करून दुसरा चालू करायचा, तर त्या दिवसाचे फोटो बुडणार. माझा अंदाज चुकला, तर पाळीप्रमुखाची जागाही गेली.

आणि आमच्याकडं नियम असा, की ऑटोपायलटच्या कामात एकट्यानं हात घालायचा नाही. पहिल्यानं कारण बोलून दाखवायचं, दुसऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत सांगून होकार द्यायचा, मगच आज्ञा जाते. दुसरी म्हणजे तीच. ती अडवणार हे धरून मी भांडायची वाक्यं मनात जुळवली आणि तिला सगळं सांगितलं.

तिनं आलेख मागं नेऊन पाहिला. "अगं, हा उन्हात आल्यावर डोळे दिपल्यासारखा चाचपडतोय. कॅमेरा खोटं सांगतोय आणि ऑटोपायलट ते खरं मानतोय. झालं माझ्या शब्दांत? होकार. दे आज्ञा."

"एवढ्यात?"

"मग काय, भांडू? तू तर पदर खोचूनच आलीयस."

मी इतका वेळ घोळवत होते, ते तिनं दोन वाक्यांत उरकलं होतं. कॅमेरा बदलायची आज्ञा देताना माझ्या मनात उपग्रहाची काळजी होती आणि तिच्याबद्दलची आगही.

पुढच्या फेरीला उपग्रह उन्हात आला आणि जरासुद्धा हलला नाही. सरांचा फोन आला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर, हे हिनं पकडलं. मी फक्त हो म्हटलं."

तिनं श्रेय लाटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. एवढ्या सहज देऊन टाकायला माणसाकडं आधी भरपूर असावं लागतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिच्यावर मी अजून जळते.

पाळीप्रमुखाची जागा मला मिळाली. ऑटोपायलटला रोखायचं की नाही, यावर आता पहिला शब्द माझा असतो.