आप्पांनी खाली ठेवलेली करवत

आप्पा चिडले की आधी हातातली करवत खाली ठेवत. मग नळावर हात धूत, पंचाला पुसत आणि मगच ओरडायला लागत. हातात हत्यार असताना रागवायचं नाही, हा त्यांचा नियम. आम्ही पशुवैद्यकीय कॉलेजची पोरं नळाचा आवाज आला की समजून जायचो, आज कोणाची तरी खैर नाही.

शिवलिंगप्पा हे त्यांचं नाव. जळकोटचे. शरीररचना विभागात परिचर, म्हणजे कागदोपत्री झाडलोट आणि पाणी भरणं. प्रत्यक्षात जनावर उघडून दाखवण्याचं सगळं अवघड काम तेच करत. गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत सरकवायचं आणि वरून रबरी एप्रन बांधायचा. जन्मात कधी मांस खाल्लं नव्हतं. नवी पोरं वासानं नाक धरायची, तेव्हा म्हणत, "ओ डाक्टर, मी अंडं खात न्हाई अन् ह्यात हात घालतोय. तुम्ही बोकड खाता, मग नाक काऊन धरून राहिलाव?"

त्यांची खरी करामत मज्जारज्जूची. मणक्यांच्या कमानी एकेक करून कापायच्या. आत पांढऱ्या आवरणातली ती मऊ दोरी, आणि मणक्यामणक्यापाशी तिला दोन्ही बाजूंनी फुटलेली मुळं. शेळीची आणि कुत्र्याची त्यांनी अख्खी काढून काचेच्या नळ्यांत ठेवली होती. तिचा आडवा काप घेतला की आत करड्या रंगाचं फुलपाखरू दिसे. त्यावर काडी टेकवून सांगत, "वरच्या मुळातून खबर आत येती, खालच्या मुळातून हुकूम भाईर जातो. खबर आली अन् हुकूम गेलाच न्हाई, तर जनावर बसलं म्हनून समजा." आणि मग, "मानसाची मज्जा कमरंपाशीच संपती. म्हशीची पार शेपटाच्या बुडाजवळ जाती. उगं न्हाई म्हैस तुमच्यापेक्षा शहाणी."

पण एका गोष्टीवर ते चेष्टा करत नसत. "वढायचं न्हाई. पायजम्याची नाडी हाय का ती? मूळ कापून मोकळं करा, ती आपसूक भाईर येती."

मी तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी म्हशीची मज्जा काढायला घेतली. तपासणीला बाहेरची मंडळी येणार होती, त्यांना दाखवायची होती. आप्पा आठ दिवस टेबलावर वाकलेले. नवव्या दिवशी दुपारी ते भाकरी खायला गेले. पाच-सहाच मुळं राहिली होती. मला वाटलं, आपणही करून दाखवावं. चिमट्यात धरली आणि ओढली. कमरेपाशी, मागच्या पायांचा सगळा कारभार जिथून चालतो त्या फुगीर भागात, ती तुटली.

विभागप्रमुख आले तेव्हा आप्पा नुकतेच परतले होते. करवत त्यांच्या हातात होती. "म्हातारा झालास, हात थरथरतो तुझा," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. आप्पांनी तुकडा उचलून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ते थांबले. मी बोलावं म्हणून थांबले. मी फॉर्मेलिनच्या टाकीकडे बघत राहिलो.

"माझा हात थरथरत न्हाई, साहेब," एवढंच ते म्हणाले. करवत टेबलावर ठेवली. नळावर मात्र गेले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना चाऱ्याच्या गोदामावर टाकलं. करवत त्यांनी परत कधी धरली नाही. पोरं त्यांना 'थरथरे' म्हणायला लागली, आणि त्या हसण्यात मीही होतो.

माझी चीड येते मला. साहेबांचीही येते. तुटलेली कड त्यांनी नीट पाहिली असती तर त्यांना समजलं असतं. आणि खरं सांगायचं तर आप्पांचीही येते. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? माझ्यावर कशाला सोडलं?

उमरीला जनावरांचा डॉक्टर होऊन पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा कुठे मी जळकोटला गेलो. आप्पा ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, उठून रांजणापाशी गेले आणि हात धुतले. मी मान खाली घातली.

"मला काय सांगतूस? मला त्याच दिशी कळालं. कापलेली कड सरळ असती, वढलेल्याच्या चिंध्या होत्यात. माफी पायजे व्हय? माझ्यापाशी न्हाई. ज्यांच्यादेखत माझ्या हाताला नाव ठेवलं, त्यांना जाऊन सांग."

साहेब निवृत्त होऊन नांदेडला राहत होते. मी ऑटो करून त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. ते अंगणात पेपर वाचत बसलेले दिसले. फाटकाला हात न लावता परत फिरलो.

यंदा आप्पा गेले. त्यांच्या समाजात बसवून पुरतात. घरात भिंतीशी पाट मांडून त्यांना बसवलं होतं, कपाळाला भस्म. देह पुढे कलत होता. "पाठ धरा कुणीतरी," विधी सांगणारे जंगम म्हणाले. मी जवळ होतो, मी धरली. सदऱ्यातून मणके हाताला लागत होते. सवयीनं मोजले गेले.

त्यांचा मुलगा भस्माचं ताट घेऊन उभा होता. पाहुण्यांतल्या कोणी कॉलेजातल्या नोकरीचं विचारलं, तर म्हणाला, "कामाला लई वाघ होते. पर पुढं हात थरथरायला लागला. एक नमुना तोडला, म्हनून गोदामावर टाकलं."

पोटच्या मुलालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"हात थरथरत नव्हता," मी म्हणालो. आवाज मोठा झाला. "ती मज्जा मी तोडली. ओढून तोडली. आप्पा जेवायला गेले होते."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मग ताट सावकाश खाली ठेवलं आणि बाहेर गेला. न्हाणीतून पाण्याचा आवाज आला.

तो परत आला तो हात पुसत.

"सरका तिकडं," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या पाठीवरचा हात काढा."