पायऱ्यांवरची हाक

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या माझ्या सनीव्हेलच्या कंपनीने मला कामासाठी कोरियाला पाठवलं, तेव्हा माझे वडील नुकतेच गेले होते. रजा आणि विमानाचं तिकीट यांचे नखरे संपेपर्यंत नागपुरात सगळं उरकूनही गेलं होतं.

सुटीच्या दिवशी मी तिथला डोंगरातला जुना बुद्धविहार बघायला गेलो. आयुष्यभर बुद्धवंदना म्हणणाऱ्या वडिलांना तो दाखवायचा राहिलाच. दगडी पायऱ्या चढताना मागून हाक आली, "आप्पा!"

मी गर्रकन वळलो. आमच्या घरी लहानथोर सगळेच वडिलांना आप्पा म्हणायचे. एक कोरियन मुलगी धावत आपल्या बापाला जाऊन बिलगली. तिकडेही बापाला आप्पाच म्हणतात, हे मला कुठे ठाऊक! त्या पाठमोऱ्या माणसाचा मी फोटो काढला.

सनीव्हेलला परतल्यावर माझी लेक फोटो बघत बसली. विहार, बुद्ध, डोंगर तिने भराभर बाजूला टाकले आणि त्या फोटोवर थांबली.

"डॅड, हू इज धिस?"

"आप्पा," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "नो, डॅड. आप्पा डाइड."